बारनिशीत आलेली नोटीस: नगरपालिका आणि जिल्हा परिषदेतील विधी शाखेचे काम

नगरपालिकेच्या बारनिशीत, म्हणजे आवक-जावकच्या टेबलावर, एखाद्या दिवशी रजिस्टर पोस्टाने तीन-चार पानांची नोटीस येते. वर वकिलाचे नाव, खाली सिटी सर्व्हे नंबर आणि मजकुरात महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम १२७ चा उल्लेख असतो. जागामालकाचे म्हणणे असे की, विकास आराखड्यात त्याच्या जमिनीवर बगीच्याचे किंवा शाळेचे आरक्षण पडून दहा वर्षे उलटली, तरी नगरपालिकेने ती जमीन घेतली नाही. आता ती घ्यावी, नाहीतर मोकळी करावी. अशी नोटीस बजावल्यापासून कायद्याने २४ महिन्यांची मुदत दिली आहे. तेवढ्या काळात जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाच्या दिशेने पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. ही पावलेही खरीखुरी असावी लागतात. संपादन करावे असे नुसते पत्र वर धाडून दिले म्हणजे पाऊल पडले असे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ साली सांगून ठेवले आहे.

आता या नोटिशीचे त्या टेबलावर काय होते ते पाहा. एक कर्मचारी तिच्यावर गोल शिक्का मारतो, लिफाफा टोपलीत टाकतो, कोपऱ्यात ‘नगररचना’ असे लिहितो आणि कागद पुढे ढकलतो. दुसरा कर्मचारी ‘कलम’ आणि ‘मुदत’ हे शब्द पाहून थांबतो, लिफाफा नोटिशीला टाचतो, पोहोचल्याची तारीख नोंदवहीत घेतो, मुदत कोणत्या तारखेला संपते ते मोजून लाल शाईने लिहितो आणि त्याच दिवशी कागद मुख्याधिकाऱ्यांसमोर ठेवतो. दोन वर्षांनी शहराला बाग मिळते की नाही, याची निम्मी वाट त्या पाच मिनिटांत ठरलेली असते.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या विधी शाखांत मी बावीस वर्षे काम केले. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील अनेक मुले-मुली कायद्याची पदवी घेतात किंवा घेण्याच्या विचारात असतात, पण त्यांच्यासमोर दोनच चित्रे असतात: काळा कोट घालून न्यायालयात वकिली करणे, नाहीतर न्यायाधीशपदाच्या परीक्षेला वर्षानुवर्षे बसणे. या दोहोंच्या मध्ये एक मोठे, स्थिर आणि समाजाच्या थेट उपयोगाचे क्षेत्र आहे, आणि ते घरापासून फार तर तासाभराच्या अंतरावर आहे. ते कसे चालते आणि तिथे कसे शिरता येते, हे या लेखात सांगायचे आहे.

प्रथम एक मूलभूत गोष्ट. जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका आणि ग्रामपंचायत ही राज्य शासनाची खाती नाहीत. कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक संस्था ही स्वतंत्र व्यक्ती आहे. तिला स्वतःच्या नावाने मालमत्ता धारण करता येते, करार करता येतो, दावा लावता येतो आणि तिच्यावरही दावा लावता येतो. जिल्हा परिषदेचा कारभार महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम, १९६१ प्रमाणे चालतो. नगरपालिकांसाठी १९६५ चा, महानगरपालिकांसाठी १९४९ चा आणि ग्रामपंचायतींसाठी १९५८ चा कायदा आहे. साताऱ्यात अकरा आणि सांगलीत दहा तालुके, म्हणजे दोन जिल्हा परिषदांच्या खाली एकवीस पंचायत समित्या. शिवाय कराड, वाई, फलटण, विटा, तासगाव, आष्टा यांसारख्या नगरपालिका आणि सांगली, मिरज व कुपवाड मिळून १९९८ मध्ये झालेली महानगरपालिका. या प्रत्येक ठिकाणी दावे आहेत, नोटिसा आहेत, अपिले आहेत. जिल्हा सरकारी वकील प्रामुख्याने शासनाची बाजू मांडतात. स्थानिक संस्थेला स्वतःच्या पॅनेलवरचे वकील नेमावे लागतात आणि त्या वकिलांना माहिती, कागद व सूचना पुरवणारी माणसे कार्यालयात ठेवावी लागतात. त्यांनाच मी विधी सहायक वर्ग म्हणते. काही ठिकाणी त्यांना ‘विधी सहायक’ किंवा ‘विधी अधिकारी’ असे पदनाम असते, तर बहुतेक ठिकाणी कनिष्ठ किंवा वरिष्ठ सहायकाकडेच ‘कोर्ट केसेसचे टेबल’ सोपवलेले असते.

हे टेबल काय करते, ते एका साध्या दाव्याच्या प्रवासावरून समजून घेऊ.

ओढ्याच्या कडेला कोणी बेकायदा बांधकाम केले आणि नगरपालिकेने ते पाडण्याची नोटीस दिली, तर तो माणूस दिवाणी न्यायालयात जातो. नगरपालिका किंवा महानगरपालिका यांच्यावर दावा लावण्यापूर्वी बहुतेक प्रकरणांत एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते. शासनाविरुद्धच्या दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे ही मुदत दोन महिन्यांची आहे. मात्र तातडीच्या मनाईसाठी येणारा माणूस महिनाभर थांबत नाही. तो दाव्यासोबत तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंत पाडकाम थांबवण्याचा, अर्ज देतो, ज्याला न्यायालयाच्या आवारात सगळे ‘निशाणी पाच’ म्हणून ओळखतात. अशी शक्यता आधीच दिसत असेल, तर विधी शाखेने त्याच संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट दाखल करून ठेवावे, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय एकतर्फी मनाई होत नाही. कॅव्हेट ९० दिवस टिकते. ते संपण्याची तारीख कोणाच्या तरी वहीत असावी लागते, आणि ती वही याच टेबलावर असते.

दाव्याचे समन्स बेलिफ घेऊन येतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी म्हणणे, दाखल व्हायला हवी. न्यायालय कारणे नोंदवून ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. त्यापुढे गेले की विनवण्या सुरू होतात. कैफियत वकील लिहितात, पण त्यासाठी त्यांना ‘परिच्छेदनिहाय अभिप्राय’ लागतात. दाव्यातील प्रत्येक परिच्छेद घेऊन त्यातले काय खरे, काय खोटे आणि त्याला आपल्याकडे कोणत्या कागदाचा आधार आहे, असे क्रमाने लिहून काढणे म्हणजे परिच्छेदनिहाय अभिप्राय. बांधकाम शाखा, कर शाखा, आरोग्य शाखा यांच्याकडून ही माहिती मिळवायची, ती पडताळायची आणि वकिलांना समजेल अशा भाषेत मांडायची. नेमके इथेच घोडे पेंड खाते. संबंधित शाखा लिहून पाठवते, ‘परिच्छेद ३ मधील मजकूर मान्य नाही.’ का मान्य नाही, ते कोणीच सांगत नाही. चांगला विधी सहायक तो कागद परत पाठवत बसत नाही. तो उठतो, त्या शाखेत जातो, कपाट उघडायला लावतो आणि मोजणीचा नकाशा स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो.

माझ्या पाहण्यातल्या एका नगरपालिकेत अशाच ओढ्यालगतच्या बांधकामाचे प्रकरण होते. जागेवर जाऊन पंचनामा झाला होता, फोटो होते, अभियंत्याचा अहवाल चोख होता. मात्र नोटीस ज्यांच्या नावाने काढली होती ते गृहस्थ चार वर्षांपूर्वी वारले होते. कर आकारणीच्या नोंदवहीतले जुने नाव तसेच उचलून नोटिशीत घातले गेले. मिळकत पत्रिकेवर वारसांची नोंद झालेली होती, पण ती काढून पाहण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. मृत माणसाला दिलेली नोटीस ती कसली नोटीस, असे म्हणून न्यायालयाने मनाई दिली. पुढच्या पावसाळ्यात त्या ओढ्याचे पाणी खालच्या वस्तीत शिरले. मिळकत पत्रिकेची एक प्रत काढली असती तर ते टळले असते, ही खंत मला आजही आहे, कारण ती नोटीस टाइप होऊन माझ्या टेबलावरून पुढे गेली होती आणि नाव मीही तपासले नव्हते. त्या दिवसापासून मिळकत पत्रिका किंवा सात-बारा सोबत असल्याशिवाय मी एकही नोटीस पुढे जाऊ दिली नाही.

उलट दिशेची गोष्टही सांगते. जत तालुक्यातील एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर मूळ मालकाच्या नातवाने हक्क सांगितला. आजोबांनी शाळेला जागा ‘वापरायला’ दिली होती, मालकी दिली नव्हती, असा त्याचा दावा. शाळेकडे एकही कागद नव्हता. ग्रामपंचायतीच्या जुन्या प्रोसिडिंग बुकात मात्र एका मासिक सभेच्या इतिवृत्तात त्या आजोबांच्या आभाराचा ठराव सापडला, आणि त्यात ‘बक्षीस’ हा शब्द होता. एवढ्यावर दावा जिंकता येत नाही. पण ठरावाच्या तारखेवरून त्या सुमाराचे फेरफार, म्हणजे गाव नमुना सहामधील नोंदी, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात पाहिल्या. एका फेरफारात नोंदणीकृत बक्षीसपत्राचा क्रमांक आणि दिनांक होता. फेरफार हा मालकीचा पुरावा नसतो, ती महसुली नोंद असते. मात्र पुराव्यापर्यंत नेणारी वाट तो दाखवतो. त्या क्रमांकावरून दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज केला आणि बक्षीसपत्राची प्रमाणित नक्कल मिळाली. सगळी शोधाशोध करणारी आमची कनिष्ठ सहायक मुलगी तेव्हा नोकरीला लागून जेमतेम दीड वर्ष झाली होती. ती नक्कल हातात घेऊन ती बसने सांगलीला आली, आणि वकीलसाहेबांनी ती वाचून चष्मा खाली ठेवला, तो क्षण मी विसरणार नाही.

या कामात समाधान आहे ते अशा ठिकाणी आहे. आपण वाचवलेले मैदान पुढे रोज डोळ्यांसमोर वापरात असते.

जुन्या कागदांविषयी आणखी थोडे लिहिणे गरजेचे आहे, कारण आपल्या भागात ते विशेष महत्त्वाचे आहेत. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. ती १९४८ मध्ये विलीन झाली. त्यामुळे काही मिळकतींचे मूळ संस्थानी दप्तरात निघते आणि ते मोडी लिपीत असते. साताऱ्याकडेही जुने दप्तर मोडीतलेच. मोडी वाचता येणारा कर्मचारी विधी शाखेत असेल, तर तो अक्षरशः हिऱ्यासारखा जपावा. शिवाय एकत्र झालेल्या संस्थांमध्ये जुनी फाइल नेमकी कोणत्या पूर्वीच्या कार्यालयाच्या गठ्ठ्यात आहे, हे शोधणे हीच एक विद्या असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुराने सांगलीत तळमजल्यांवर पाणी आले, तेव्हा कागद किती सहज नाहीसा होऊ शकतो हे सगळ्यांनी पाहिले. न्यायप्रविष्ट प्रकरणाची मूळ नस्ती, म्हणजे फाइल, कधीही खालच्या फळीवर ठेवू नये आणि तिची स्कॅन प्रत वेगळ्या ठिकाणी असावी, हा नियम मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगते. सरकारी कार्यालयांत अभिलेखाचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण असते आणि ठरावीक मुदतीनंतर काही वर्ग नष्ट करतात. न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणाचा कागद त्या नाशाच्या यादीत चुकून जाऊ नये, हे पाहणारा शेवटचा माणूसही विधी शाखेचाच असतो.

निकाल लागल्यावर काम संपत नाही, उलट घड्याळ पुन्हा सुरू होते. निकाल विरुद्ध गेला तर जिल्हा न्यायालयात अपील करण्यास ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ९० दिवस असतात. निकालाची प्रमाणित नक्कल मिळण्यास लागलेले दिवस या मुदतीतून वगळले जातात, पण त्यासाठी नक्कलेचा अर्ज मुळात वेळेत केलेला असावा लागतो. अपील करायचे की नाही हे ठरवण्यासाठी टिपणी वर जाते, वकिलांचा अभिप्राय मागवला जातो, काही वेळा समितीचा किंवा सभेचा ठराव लागतो; या साऱ्यात महिना कधी निघून गेला ते कळतही नाही. म्हणून निकाल ऐकला त्याच दिवशी नक्कलेचा अर्ज द्यावा, अपिलाचा निर्णय नंतर होऊ द्यावा. विलंब माफ करून घेता येतो हे खरे, मात्र ‘फाइल अमुक साहेबांकडे होती’ हे कारण न्यायालयांना आता पटत नाही, आणि ते पटू नये असेच मलाही वाटते. अंतिम आदेश पाळला गेला नाही तर अवमान याचिका होते आणि तिथे मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा आयुक्त यांना व्यक्तिशः उत्तर द्यावे लागते.

उच्च न्यायालयाच्या बाबतीत आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अलीकडे मोठा बदल झाला. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आले. त्यापूर्वी शपथपत्रावर सही करायलाही कर्मचाऱ्याला रात्रीची एसटी पकडून मुंबई गाठावी लागत असे. आता सांगलीचा माणूस सकाळी निघून मूळ कागद दाखवून संध्याकाळी घरी येऊ शकतो. याचा दुसरा अर्थ असा की नागरिकालाही उच्च न्यायालय जवळ आले, रिट याचिका दाखल करणे सोपे झाले, आणि स्थानिक संस्थांना मुदतीत, नेटके शपथपत्र तयार करणारी माणसे पूर्वीपेक्षा अधिक लागणार आहेत. कायद्याची पदवी घेऊन कोल्हापूर परिसरात काम शोधणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

न्यायालयाबाहेरचे कामही या शाखेकडे बरेच असते. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खालील अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. न दिल्यास जन माहिती अधिकाऱ्याला दररोज २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. कोणती माहिती द्यायची आणि कोणती कलम ८ खाली नाकारता येते, हे विचारायला सगळ्या शाखा विधी शाखेकडेच येतात. ग्रामपंचायत सदस्यांच्या अपात्रतेची प्रकरणे असतात. शासकीय जागेवरील अतिक्रमणावरून सदस्यत्व जाते तेव्हा ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे कालपरवापर्यंतचे ग्रामसेवक, जबाब देण्यापूर्वी फोन करतात. राष्ट्रीय लोकअदालतीत थकीत घरपट्टी-पाणीपट्टीची दाखलपूर्व प्रकरणे ठेवली जातात; तिथे झालेली तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी मानली जाते आणि तिच्यावर अपील होत नाही. ज्या माणसाला दारात वसुलीची गाडी आली की राग येतो, तोच माणूस लोकअदालतीच्या टेबलावर समजुतीने हप्ते कबूल करतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

विभागीय चौकशी हा यातला सर्वांत नाजूक भाग. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६४ चे शिस्त व अपील नियम लागू आहेत. दोषारोपपत्राला चार जोडपत्रे असतात: दोषारोप, त्यांचा तपशील, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी. कर्मचारी निलंबित असेल तर ९० दिवसांत दोषारोपपत्र बजावले गेले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या अजयकुमार चौधरी निकालानंतर रुळलेले तत्त्व आहे. शिक्षेविरुद्धचे अपील पुण्याच्या विभागीय आयुक्तांकडे जाते. इथे समोर आपल्याच कार्यालयातला सहकारी असतो, ज्याच्याबरोबर आपण काल चहा घेतला. दोषारोप मोघम लिहिला तर दोषी सुटतो. द्वेषाने लिहिला तर निर्दोष माणसाचे घर उद्ध्वस्त होते. या टेबलावर बसणाऱ्याने तोंड बंद ठेवायला शिकले पाहिजे. गोपनीयता हा गुण परीक्षेत तपासला जात नाही, पण त्याच्याशिवाय या शाखेत कोणी टिकत नाही.

आता शिरकावाच्या वाटा. पहिली वाट नियमित भरतीची. जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक म्हणून लागायचे, सामान्य प्रशासन विभागात किंवा जिथे न्यायालयीन टेबल असेल तिथे काम मागून घ्यायचे, आणि वरिष्ठ सहायक, कनिष्ठ प्रशासन अधिकारी अशा पायऱ्या चढायच्या. २०२३ ची राज्यभरातील जिल्हा परिषद भरती आयबीपीएस या बँक भरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेमार्फत ऑनलाइन परीक्षेने झाली. सातव्या वेतन आयोगात कनिष्ठ सहायकाची वेतनश्रेणी १९,९०० ते ६३,२०० रुपये आहे, त्यावर महागाई व इतर भत्ते. खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा साधारणपणे ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे असते. टंकलेखनाचे शासकीय प्रमाणपत्र, मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट, आधीच काढून ठेवावे. जाहिरात आल्यावर धावपळ करणाऱ्यांची संधी हुकते. लघुलेखन येत असेल तर लघुलेखकाची पदे वेगळी निघतात आणि त्या परीक्षेला स्पर्धा कमी असते. जे आधीच ग्रामपंचायतीत कर्मचारी आहेत, त्यांच्यासाठी जिल्हा परिषदेच्या वर्ग तीन व चारच्या पदांत १० टक्के जागा राखीव असतात. ही वाट फार जणांना ठाऊक नसते.

दुसरी वाट विधी अधिकारी या पदाची. त्याला कायद्याची पदवी आणि वकिलीचा किंवा तत्सम कामाचा काही वर्षांचा अनुभव मागितला जातो. यातील पुष्कळ नेमणुका अकरा महिन्यांच्या कराराने होतात. करार वाढतो, पण दरवर्षी टांगती तलवार राहते, मानधन उशिरा येते आणि वरिष्ठ बदलले की कामाची पद्धतही बदलते. हे मी लपवून ठेवणार नाही. तरीही दोन-तीन वर्षे असे काम केलेल्या माणसाला नगरविकास, भूसंपादन आणि सेवाविषयक कायदे जितके हाताखालून जातात, तितके बाहेरच्या कनिष्ठ वकिलाला दहा वर्षांतही जात नाहीत. पुढे स्वतंत्र वकिली करून त्याच संस्थांच्या पॅनेलवर बसलेले माझे तीन माजी सहकारी आहेत.

पदवी कुठे घ्यावी, असे पालक विचारतात. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचे इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालय आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचे न्यू लॉ कॉलेज आणि एन. एस. सोटी विधी महाविद्यालय आहे. पदवीनंतरचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि बारावीनंतरचा पाच वर्षांचा. दोन्हींसाठी सीईटी द्यावी लागते. नोकरीत असताना एलएल.बी. करायचे असेल तर कार्यालयाची लेखी परवानगी आधी घ्यावी आणि बार कौन्सिलच्या नियमातील ७० टक्के हजेरीची अट गंभीरपणे घ्यावी. आणखी एक खुलासा अगदी आवश्यक आहे. पूर्णवेळ पगारी नोकरीत असलेल्या माणसाला सर्वसाधारणपणे वकिलीची सनद चालू ठेवता येत नाही. सनद घेतलेली असेल आणि नंतर नियमित नोकरी लागली, तर ती बार कौन्सिलला कळवून स्थगित करावी. नोकरी सोडल्यावर ती पुन्हा सुरू करता येते. हे न केल्याने अडचणीत आलेली चांगली माणसे मी पाहिली आहेत.

अभ्यासापेक्षाही जास्त उपयोगी पडते ती भाषा. आपल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, आणि चांगली मराठी टिपणी लिहिणारा माणूस प्रत्येक अधिकाऱ्याला हवा असतो. टिपणीत आधी वस्तुस्थिती, मग कायद्याची तरतूद, मग आपल्यासमोरचे पर्याय आणि शेवटी ‘आदेशार्थ सादर’, एवढी शिस्त पाळली तरी फाइल निम्म्या वेळात खाली येते. मोघम ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असे लिहू नये. कोणी, काय आणि कोणत्या तारखेपर्यंत करायचे ते लिहावे. दबाव येतो तेव्हाही हीच सवय आपले रक्षण करते. पदाधिकारी फोन करून सांगतात की अमुक प्रकरणात अपील करू नका. अशा वेळी वाद घालू नये, अपिलाची मुदत आणि वकिलांचा अभिप्राय टिपणीत स्वच्छ लिहून फाइल वर पाठवावी. निर्णय वरिष्ठांचा असतो. तो कोणत्या माहितीवर घेतला गेला, हे मात्र कागदावर कायमचे राहते.

ज्यांची अशा टेबलावर नुकतीच नेमणूक झाली आहे, त्यांनी पहिल्या आठवड्यात दुसरे काहीही हाती घेऊ नये. न्यायालयीन प्रकरणांची नोंदवही उघडावी, प्रत्येक दाव्याचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाची सोळा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळख, न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर टाकून पुढची तारीख आणि मागच्या तारखेचा आदेश पाहावा, आणि वहीतली नोंद त्याच्याशी पडताळावी. कैफियत दाखल नाही असे जे दावे निघतील त्यांची एका पानावर यादी करावी. ते पान आठवडा संपण्याची वाट न पाहता, त्याच दिवशी साहेबांच्या टेबलावर ठेवावे आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी.